कामाची विचारपूस करणारा डॉक्टर

सतराव्या शतकात उत्तर इटलीतल्या मोदेना शहरात दाट वस्तीतल्या उंच घरांचे शौचकूप दर काही वर्षांनी माणसांकरवी उपसले जात. एकदा डॉ. बर्नार्डिनो रामाझिनी राहत होते त्या घरी हे काम चालू होते. आत उतरलेला कामगार विलक्षण घाईने मैला उपसत होता. डॉक्टरांना त्याची कीव आली. इतकी घाई कशासाठी, असे त्यांनी विचारले. चार तासांपेक्षा जास्त वेळ खाली राहिले तर डोळे जातात, असे त्या माणसाने सांगितले. वर आल्यावर त्याचे डोळे लालभडक झाले होते. घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत बसायचे आणि कोमट पाण्याने डोळे धुवायचे, एवढाच उपाय त्याला ठाऊक होता. पुढे रामाझिनींनी शहरात पाहिले, तर हेच काम करून दृष्टी गमावलेले कित्येक जण भीक मागताना दिसले.

रामाझिनींचा जन्म १६३३ मध्ये मोदेनाजवळच्या कार्पी गावी झाला. पार्मा विद्यापीठातून १६५९ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. काही काळ खेडोपाडी वैद्यकी केल्यावर ते मोदेनात स्थिरावले आणि १६८२ मध्ये तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्या काळच्या प्रतिष्ठित वैद्यांचे रुग्ण म्हणजे सरदार आणि धर्मगुरू. रामाझिनी मात्र खाणकामगार, कुंभार, चांभार, विणकर, धोबिणी यांच्या कामाच्या जागी जाऊन बसू लागले. मातीच्या भांड्यांना शिशाची झिलई देणाऱ्या कुंभारांचे हात थरथरतात, पिठाच्या धुराळ्यात वावरणाऱ्यांना खोकला आणि दमा जडतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले.

या निरीक्षणांचे पुस्तक १७०० मध्ये लॅटिन भाषेत निघाले. त्यात चाळीसहून अधिक धंद्यांचे आजार होते. गरिबाच्या घरी गेल्यावर वैद्याने सोन्याचे आसन शोधू नये, तिवईवर बसावे, नाडीला हात लावून लगेच उठू नये, अशी शिकवण त्यांनी दिली. हिपोक्रॅटिसच्या काळापासून वैद्य रुग्णाला जे प्रश्न विचारत आले, त्यांत त्यांनी आणखी एकाची भर घातली: तुम्ही काम काय करता?

त्याच वर्षी त्यांना पादुआच्या नामांकित विद्यापीठात बोलावणे आले. वय सदुसष्टच्या आसपास, त्यात दृष्टी अधू होत चाललेली. तरीही शिकवणे आणि लिहिणे थांबले नाही. १७१३ मध्ये पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती आली. तिच्यात लेखनिक आणि कारकुनांवर एक नवे प्रकरण होते. आज कीबोर्डवर दिवस काढणाऱ्या प्रत्येकाला ते आपलेच वाटेल.

या लोकांच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणे सांगितली: सतत बसणे, हाताची अखंड आणि एकाच दिशेने होणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. त्यांच्या ओळखीच्या एका दस्तलेखकाने आयुष्यभर लिहून चांगला पैसा मिळवला होता. आधी त्याचा उजवा हात थकू लागला. कोणत्याही औषधाने गुण आला नाही आणि अखेर तो हात पूर्ण निकामी झाला. त्याने जिद्दीने डाव्या हाताने लिहायची सवय केली. थोड्याच काळात डावा हातही त्याच वाटेने गेला. रामाझिनींनी आपले अपयश लपवले नाही, ते जसेच्या तसे नोंदवले. पुढच्याच वर्षी, १७१४ मध्ये, पादुआत त्यांचे निधन झाले.

बोरू गेला, टंकलेखन यंत्र आले, पण हाताचे हाल चुकले नाहीत. सरळ रेषेतल्या कीबोर्डवर दोन्ही हात छातीसमोर एकवटतात. मग मनगटे करंगळीच्या बाजूला वाकतात आणि तळहात पूर्ण पालथे राहतात. जर्मनीतल्या क्लोकेनबर्ग यांनी १९२६ मध्येच कळफलकाचे दोन भाग करून ते तिरके मांडायचे सुचवले. १९७२ मध्ये क्रोमर यांनी दुभागलेल्या, मध्ये उंच आणि कडेला उतरत्या कळफलकावर प्रयोग प्रसिद्ध केले. आजचे दुभागलेले कीबोर्ड त्याच विचारातून आले आहेत.

असा कीबोर्ड घेताना दोन्ही भाग खांद्यांच्या रुंदीइतके दूर ठेवता येतात का, मधली बाजू थोडी उचलता येते का आणि कळा हलक्या दाबाने चालतात का, हे पाहावे. कोपरे अंगाजवळ आणि मनगट सरळ राहिले पाहिजे. सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला वेग कमी होतो, म्हणून घाबरू नये. मनगट सरळ राहते हे मोजून दिसले आहे. त्याने दुखणे टळतेच, असा ठाम पुरावा मात्र नाही.

इथे तो दस्तलेखक आठवावा. त्याने हात बदलला, काम तेवढेच ठेवले. कीबोर्ड बदलून दहा तास न उठता टंकलेखन केले, तर वेगळे काही व्हायचे नाही. मध्ये मध्ये उठणे आणि हात मोकळे करणे याला पर्याय नाही. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल किंवा वस्तू हातातून सुटत असतील, तर महागडी खरेदी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. त्यांनी विचारले नाही, तरी आपण दिवसभर काय काम करतो आणि किती तास करतो, हे त्यांना आपणहून सांगावे.