ल्यूथर बरबँक : बागायतीचा जाणता कारागीर

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लँकेस्टर नावाचे गाव आहे. तेथे ७ मार्च १८४९ रोजी ल्यूथर बरबँक यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे, भावंडे पुष्कळ. वडील वारल्यावर महाविद्यालयाचे नावच निघाले नाही. परंतु त्यांनी वाचनालयाची पायरी सोडली नाही. पाळीव प्राणी व लागवडीतील वनस्पती यांत फरक कसे पडतात, यावरील डार्विनचा ग्रंथ हाती आला आणि आयुष्याची दिशा ठरली. वारशाच्या पैशातून १७ एकर जमीन घेऊन ते भाजीपाला पिकवू लागले.

बटाटा आपण फोडी करून लावतो. त्याचे बी फारसे कोणी पाहिलेलेही नसते. बरबँक यांना एका झाडावर बियांचे बोंड दिसले. ते रोज जाऊन पाहत. एके दिवशी ते गळून नाहीसे झाले, तेव्हा त्यांनी ते मातीतून शोधून काढले. आत २३ बिया होत्या. त्यांतल्या एकीचे बटाटे मोठे आणि भरघोस निघाले. १८७५ साली ही जात त्यांनी बियाण्याच्या एका व्यापाऱ्याला १५० डॉलरला विकली. मागितले होते ५००! स्वतःकडे ठेवलेले १० बटाटे घेऊन ते कॅलिफोर्नियात सँटा रोझा गावी गेले.

त्यांची खरी हुशारी मला पुढच्या प्रसंगात दिसते. आपल्या आलुबुखाराच्याच कुळातले प्रून हे फळ सुकवून विकण्याचा धंदा तेथे वाढत होता. १८८१ च्या मार्चमध्ये एका व्यापाऱ्याने त्यांच्याकडे २०,००० कलमे मागितली, तीही डिसेंबरपर्यंत. एरवी या कामाला दोन-तीन वर्षे लागत. बरबँक यांनी बदाम पेरले, कारण बदाम लवकर उगवतो व झपाट्याने वाढतो. उन्हाळ्यात त्या रोपांवर प्रूनचे डोळे भरले. डिसेंबरात १९,५०० कलमे तयार होती.

पुढे त्यांनी जपानी प्लमच्या संकरातून नव्या जाती काढल्या. हजारो रोपांतून एक निवडायचे आणि बाकीची जाळून टाकायची, ही त्यांची पद्धत. निवड नजरेनेच होई. वही मात्र नीट ठेवलेली नसे. १९०५ मध्ये कार्नेगी संस्थेने वर्षाला १०,००० डॉलर देऊ केले आणि नोंदींसाठी शल नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ पाठविले. पण डोक्यातले ज्ञान कागदावर उतरेना, आणि काही वर्षांतच ती मदत थांबली. एवढ्या मोठ्या माणसाच्या अनुभवाचा शास्त्राला पुरता उपयोग झाला नाही, याची हळहळ वाटते.

दुसरी अडचण पैशाची होती. नवे यंत्र काढणाऱ्याला पेटंट मिळे, नवे झाड काढणाऱ्याला नाही. कलमांवर बागाईतदार व कारखानदार श्रीमंत झाले. बरबँक यांना मिळे ती केवळ पहिल्या विक्रीची रक्कम. ११ एप्रिल १९२६ रोजी ते वारले. वनस्पतींच्या पेटंटाचा कायदा झाला तो १९३० साली, आणि नंतर त्यांच्या कित्येक जातींना मरणोत्तर पेटंटे मिळाली. बटाट्यासारखी कंदापासून लावायची पिके मात्र त्या कायद्यातून वगळली होती. त्यांच्या बटाट्यापासून निघालेली रसेट बरबँक ही जात आजही अमेरिकेत तळलेल्या बटाट्याच्या कारखान्यांना लागते.