अडथळ्यांवरून धावणारा नॉर्मन प्रिचर्ड



आपल्या शाळेच्या खेळांच्या दिवशी अडथळ्यांची शर्यत असते. कुणी बाकावरून उडी मारतो, कुणी पोत्यात पाय अडकून पडतो, आणि बघणारे पोट धरून हसतात. पण हीच शर्यत जगातल्या सर्वांत मोठ्या मैदानावर होते, तेव्हा कुणी हसत नाही. तिथे सेकंदाच्या शंभराव्या भागाचाही हिशेब होतो. अशा शर्यतीत भारताच्या नावावर पहिलं ऑलिंपिक पदक नोंदवणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. त्याचं नाव नॉर्मन गिल्बर्ट प्रिचर्ड. नाव ऐकून नवल वाटलं ना? मलाही वाटलं होतं.

नॉर्मनचा जन्म १८७५ साली कलकत्त्यात झाला. आई-वडील इंग्रज. त्या काळी आपल्या देशावर इंग्रजांचं राज्य होतं आणि कलकत्ता ही त्यांची राजधानी होती. नॉर्मन तिथल्याच सेंट झेवियर्स कॉलेजात शिकला. अभ्यासाचं मला ठाऊक नाही, पण पायाला मात्र भिंगरी होती. बंगाल प्रांताच्या स्पर्धेत १०० यार्डांची शर्यत त्याने १८९४ पासून १९०० पर्यंत ओळीने सात वर्षं जिंकली. एकदा जिंकणं सोपं, पण सात वर्षं कुणालाही पुढे जाऊ न देणं सोपं नाही.

नुसतं धावणंच नव्हे, फुटबॉलमध्येही तो पटाईत होता. १८९७ साली शोभाबाजार संघाविरुद्ध त्याने एकाच सामन्यात तीन गोल केले. भारतातल्या खुल्या स्पर्धेतली ती पहिली हॅटट्रिक मानली जाते. पुढे इंडियन फुटबॉल असोसिएशनचा तो सचिवही झाला.

१९०० साली नॉर्मन इंग्लंडला गेला. आगबोटीचा प्रवास, कित्येक दिवसांचा. लंडनला पोचल्यावर तिथल्या मोठ्या स्पर्धेत १२० यार्डांच्या अडथळा शर्यतीत तो दुसरा आला. पहिला आला अमेरिकेचा अल्विन क्रॅन्झलाईन. हे नाव लक्षात ठेवा, कारण हा गडी पुन्हा आडवा येणार आहे!

त्याच उन्हाळ्यात फ्रान्सची राजधानी पॅरिस इथे दुसरं ऑलिंपिक भरलं होतं. आजच्यासारखा थाट नव्हता बरं का. तिथे एक प्रचंड जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि त्याच्याच जोडीला हे खेळ होते. धावण्याच्या शर्यती शहराच्या कडेला बुआ द बूलोन्य नावाच्या वनराईत झाल्या. मैदान गवताचं आणि उंचसखल. थाळी फेकणाऱ्यांच्या वाटेत चक्क झाडं येत! म्हणजे आपल्या गावच्या मैदानाला नावं ठेवायचं कारण नाही.

नॉर्मनने पाच शर्यतींत भाग घेतला. ६० आणि १०० मीटरमध्ये त्याला अंतिम फेरी गाठता आली नाही. १४ जुलैला ११० मीटर अडथळा शर्यतीची अंतिम फेरी होती. या शर्यतीतले अडथळे साडेतीन फूट उंच. नॉर्मन अंतिम फेरीत धावला, पण शर्यत पुरी करू शकला नाही. जिंकला कोण? क्रॅन्झलाईन.

दुसरा कुणी असता तर सामान आवरून परतला असता. नॉर्मन थांबला. दोनच दिवसांनी, १६ जुलैला, २०० मीटर अडथळा शर्यत होती. यात दहा अडथळे, उंची अडीच फूट. अडथळे बुटके म्हणून शर्यत सोपी समजू नका. अंतर जवळजवळ दुप्पट, आणि शेवटच्या अडथळ्याशी येईपर्यंत पाय शिशासारखे जड होतात.

इथे क्रॅन्झलाईनची एक युक्ती सांगायला हवी. त्याआधी बरेच धावपटू अडथळ्यापाशी आले की पाय दुमडून, अंग वर उचलून उडी घेत. उडी उंच जाई, पण वेग मोडे. हवेत जेवढा वेळ जातो, तेवढा वेळ माणूस धावत नसतो, एवढं साधं गणित आहे. क्रॅन्झलाईन पुढचा पाय सरळ ताणून अडथळ्यावरून नेई आणि लगेच जमिनीवर टेकवी. जणू अडथळा म्हणजे एक लांब ढांग. हा क्रॅन्झलाईन दंतवैद्यकीचा विद्यार्थी होता, पण अडथळा ओलांडायची त्याची रीत आजही सगळं जग वापरतं.

अशा माणसाशी नॉर्मनची गाठ होती. क्रॅन्झलाईनने २५.४ सेकंदांत शर्यत जिंकली. तीन दिवसांतलं हे त्याचं चौथं विजेतेपद! नॉर्मन दुसरा आला, आणि अमेरिकेचा वॉल्टर ट्यूक्सबरी तिसरा. पुढे २२ जुलैला नुसत्या २०० मीटर धावण्यात ट्यूक्सबरी पहिला आणि नॉर्मन पुन्हा दुसरा. अशी दोन रौप्यपदकं झाली. गंमत म्हणजे त्या वेळी सोनं, चांदी, कांस्य अशी पदकं देतच नसत. ती पद्धत पुढच्या, १९०४ च्या ऑलिंपिकपासून सुरू झाली. त्यानंतर २०० मीटर अडथळा शर्यत ऑलिंपिकमधून कायमची बंद झाली.

नॉर्मनचं पुढचं आयुष्य तर आणखी वेगळं. काही वर्षांनी त्याने कलकत्ता सोडलं. इंग्लंडला जाऊन तो नट झाला आणि मग अमेरिकेला गेला. नाव बदलून त्याने नॉर्मन ट्रेव्हर असं ठेवलं. न्यूयॉर्कच्या नाटकांत आणि हॉलिवूडच्या मुक्या चित्रपटांत त्याने कामं केली. तेव्हा पडद्यावरची माणसं बोलत नसत, मधे मधे नुसती अक्षरं येत. १९२६ सालच्या बो जेस्ट या गाजलेल्या चित्रपटात त्याने फ्रेंच फौजेतल्या मेजरचं काम केलं. ते पाहणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की हाच मेजर एकेकाळी फ्रान्सच्या राजधानीत अडथळ्यांवरून धावला होता?

१९२९ च्या ऑक्टोबर अखेरीस अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉरवॉक इथे तो वारला. जन्मगाव हजारो मैल लांब, आणि नावही दुसरंच.

आता खरा प्रश्न. नॉर्मन कुणाचा? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती त्याची दोन्ही पदकं भारताच्या नावावर धरते. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या नोंदीत मात्र त्याच्या नावापुढे ग्रेट ब्रिटन आहे. तेव्हा देशांनी संघ निवडून पाठवायची रीत रुजलेली नव्हती, म्हणून हा घोळ झाला.

मला दोन्ही बाजू पटतात. तो इंग्रज होता, हे खरं. त्या काळी खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला, कितीही जोरात धावत असला तरी, पॅरिसची वाट कुणी दाखवली नसती. पण नॉर्मन धावायला शिकला तो इथल्याच मातीत. त्याचा घाम कलकत्त्याच्या मैदानावर सांडला. म्हणून पदक आपलंही म्हणावं, पण ती वाट तेव्हा सगळ्यांना मोकळी नव्हती, हेही विसरू नये.

ती वाट पुढे आपल्या माणसांनी मोकळी केली. १९२० साली सर दोराबजी टाटांच्या पुढाकाराने भारताचा संघ अँटवर्पला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. १९५२ साली आपल्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. अडथळ्यांच्या शर्यतीत १९६४ साली टोकियोला गुरबचनसिंग रंधावा पाचवे आले. १९८४ साली पी. टी. उषा यांचं ४०० मीटर अडथळा शर्यतीतलं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. आणि कुठे? लॉस एंजेलिसला! नॉर्मनने जिथे डोळे मिटले, त्याच भागात.

नॉर्मननंतर मैदानी खेळांतलं पुढचं ऑलिंपिक पदक यायला १२१ वर्षं लागली. २०२१ साली टोकियोत नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक जिंकलं. नीरज हरियाणातल्या खंड्रा गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. म्हणजे जी वाट १९०० साली बंद होती, त्या वाटेने अखेर एक शेतकऱ्याचा मुलगा गेला आणि पहिला आला.

मित्रांनो, ऑलिंपिकच्या कुठल्याच अंतिम शर्यतीत नॉर्मन पहिला आला नाही. एका शर्यतीत तर शेवटपर्यंत पोचलाही नाही. तरी दोन दिवसांनी तो पुन्हा रेषेवर उभा राहिला, आणि समोर तोच क्रॅन्झलाईन आहे हे माहीत असूनही धावला. पुढच्या खेळांच्या दिवशी आपल्यातला कुणी बाकाला अडखळून पडला, तर त्याला हसू नका. त्याला हात देऊन उठवा. त्याची पुढची शर्यत अजून व्हायची आहे.