जमशेटजी टाटा : लोणावळ्याच्या पावसातून वीज

लोणावळ्यात वळवण धरणाजवळ मी कितीतरी सेल्फी काढलेत. पण हे पाणी खाली खोपोलीत वीज बनवतं, हे इंजिनिअर असूनही मला नोकरी लागल्यावरच कळलं!

या योजनेमागे होते जमशेटजी टाटा. जन्म १८३९, नवसारी. १८७७ साली त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तेव्हा मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या, शहरभर धूर. मावळातल्या पावसावर वीज बनवायची डेव्हिड गॉस्टलिंग यांची कल्पना जमशेटजींनी उचलून धरली.

टेक्निक सोपं आहे. घाटमाथ्यावर पाणी अडवायचं, पाइपातून सुमारे ५०० मीटर खाली सोडायचं आणि त्या जोरावर टर्बाइन फिरवायचं. उंची जास्त, म्हणून दाब जास्त. मग कमी पाण्यातही भरपूर वीज मिळते.

१९०४ साली जमशेटजी जर्मनीत वारले, तेव्हा धरणाचं काम सुरूही झालं नव्हतं. मुलगा दोराबजी यांनी १९१० मध्ये कंपनी काढली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली.

पुढे टाटांच्याच मुळशी धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. ही किंमतही लक्षात ठेवूया. वीजबिलात ती दिसत नाही.