अंगणात उतरलेली शाळा : ताराबाई मोडक

मुलांच्या शिक्षणात घराचा वाटा किती आणि शाळेचा किती, हा वाद आपल्याकडे जुना आहे. पालक लक्ष देत नाहीत अशी शाळेची तक्रार असते. आम्ही मूल शाळेच्या हवाली केले, आता शाळेने पाहावे, असे पालकांचे म्हणणे असते. या दोन तक्रारींच्या मध्ये मूल मात्र एकटे पडते. घर आणि शाळा यांच्यातील हे अंतर कमी करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव आदराने घ्यावे लागते. त्यांच्या जीवनाकडे पाहिले की सेवा म्हणजे नेमके काय, हेही आपल्याला उमगते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. प्रार्थना समाजाच्या विचारांवर श्रद्धा असलेले ते घर होते. मुलीने शिकावे, स्वतःच्या बुद्धीने विचार करावा, याला त्या घरात मोकळीक होती. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार मात्र सुखाचा झाला नाही. १९२१ च्या सुमारास त्यांनी पतीपासून वेगळे होण्याचा निर्णय घेतला आणि लहानग्या मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या. तेथील स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली.

पद होते, मान होता, वेतनही चांगले होते. तरी मन स्वस्थ नव्हते. एकट्याने मूल वाढवणाऱ्या या आईला, लहान मुलाला खरोखर कसे शिकवावे, हा प्रश्न सतत छळत होता. त्याच सुमारास गिजुभाई बधेका यांचे काम त्यांच्या पाहण्यात आले.

भावनगरची साधना

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते बालशिक्षणाकडे वळले. १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. मुलांवर त्यांची इतकी माया होती की लोक त्यांना मिशाळ आई म्हणत. १९२३ साली ताराबाईंनी राजकोटचे प्राचार्यपद सोडले आणि त्या गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. प्रतिष्ठेची नोकरी सोडून अडीच-तीन वर्षांच्या मुलांत जाऊन बसणे अनेकांना विचित्र वाटले असेल. पण ज्याला आपले कार्य सापडते, त्याला पदाचा मोह राहत नाही.

बालमंदिरात मारणे नव्हते, धाक नव्हता, बक्षिसांचे आमिषही नव्हते. मूल आपल्या हातांनी काम करी, पाही, ऐकी आणि त्यातून शिके. पण दोघांच्याही लवकरच ध्यानात आले, की बालमंदिरातील काही तासांत जे जपले जाते ते घरी गेल्यावर सहज विस्कटते. शाळेत स्वतःच्या हाताने पाणी वाढून घेणाऱ्या मुलाला घरी पेल्याला हात लावू दिला जात नसे. शाळेत निर्भय असलेले मूल घरी बागुलबुवाच्या भीतीने झोपवले जाई. पालकांचे मुलांवर प्रेम होते, पण मूल पाहण्याची दृष्टी त्यांना कोणी दिली नव्हती.

म्हणून पालकांचे शिक्षण हा बालशिक्षणाचाच भाग मानला गेला. गिजुभाईंनी आईबाप होणे किती कठीण आहे, याच विषयावर पुस्तक लिहिले. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. गुजरातीत शिक्षणपत्रिका निघत होती. पुढे १९३३ पासून ताराबाईंनी मराठीतही ती चालवली. शिक्षकांबरोबर आईवडिलांनीही वाचावे, अशा सोप्या भाषेत त्या लिहीत. मुलाचा हट्ट, शिस्त, भीती, खोटे बोलणे अशा रोजच्या घरगुती प्रश्नांना त्यांनी हात घातला. मूल हट्ट करते तेव्हा त्याची कोणती गरज अडली आहे ते आधी पाहावे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

शहरातून गावाकडे

१९३६ साली ताराबाई मुंबईला परतल्या आणि दादरच्या शिशुविहारच्या कामात रमल्या. बालशिक्षणाचे काम तेथे उत्तम चालले होते. शिकलेले, मध्यमवर्गीय पालक आपली मुले हौसेने पाठवत होते. पण ताराबाईंना एक गोष्ट टोचत होती. ज्या देशाची बहुसंख्य मुले खेड्यात आणि गरिबीत वाढतात, तेथे हे शिक्षण मूठभर घरांपुरते राहावे का? महात्मा गांधींच्या विचारांचाही त्यांच्यावर प्रभाव होता. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, माणूस विसाव्याचा विचार करतो त्या वयात, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

१९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेथेच त्यांना अनुताई वाघ यांच्यासारखी निष्ठावान सहकारी लाभली. बालवयात वैधव्य आलेल्या अनुताईंनी पुढे सारे आयुष्य या कामाला वाहिले.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील आणि गरीब घरांतील मुले येईनात. अशा वेळी आईवडिलांना दोष देणे फार सोपे असते. ताराबाईंनी तसे केले नाही. मुले येत नाहीत तर शाळेने जावे, असे त्यांनी ठरवले. वस्तीतल्या एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घेतले आणि तेथेच मुलांना गोळा केले. आधी हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. महागडी साधने नव्हतीच. शंखशिंपले, बिया, पाने, खडे, माती हीच साधने झाली.

यातूनच अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना रुजली. अंगणात शाळा भरली की एक गोष्ट आपोआप घडते. चुलीपाशी बसलेली आई, ओट्यावरची आजी, कामावरून परतलेला बाप, सारेच ती पाहतात. मुलाची नखे कापताना कोणी रागावत नाही, मूल बोलले की बाई थांबून ऐकतात, हे त्यांना भाषणातून सांगावे लागत नाही. पालकांना सभेला बोलावण्याआधी शाळाच त्यांच्या दारात पाहुणी म्हणून गेली.

कोसबाडची टेकडी

पुढे १९५०च्या दशकात हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा वारली आदिवासींचा मुलूख. पिढ्यान्‌पिढ्या वेठबिगारी सोसलेला, आणि १९४५ साली तिच्याविरुद्ध उठून उभा राहिलेला. येथील आईबाप दिवसभर शेतावर किंवा गवतकापणीला जात. मोठी मुलगी कडेवर धाकट्या भावंडाला घेऊन घर सांभाळी. मुलगा गुरांमागे जाई. मुलाला शाळेत पाठवणे म्हणजे या घरांच्या रोजच्या चरितार्थातून एक हात कमी करणे होते. ही आईबापांची बेपर्वाई नव्हती, त्यांची अडचण होती.

ताराबाईंनी प्रत्येक अडचण वेगळी करून पाहिली. धाकट्या भावंडामुळे मुलगी येत नसेल, तर शाळेलाच पाळणाघर जोडले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणाऱ्या या प्रयोगाला विकासवाडी असे नाव होते. मुलगी भावंडाला पाळणाघरात ठेवी आणि स्वतः वर्गात बसे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे जेथे चरत तेथेच शिकणे सुरू झाले. दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रशाळा भरू लागली. घराला बदलण्याचा आग्रह धरण्याआधी शाळेने स्वतःला बदलले.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंनी देह ठेवला. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ साली आपल्या निधनापर्यंत नेटाने चालवले. ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत.

आपल्यासाठी बोध

आपल्यापैकी अनेक जण शिक्षक आहेत, कोणी बालसंस्कार वर्ग चालवतात आणि बहुतेक जण पालक आहेत. पालकांचा सहभाग किती आहे हे ठरवताना आपण सहसा सभेची हजेरी मोजतो. ताराबाईंच्या जीवनातून मात्र दुसरी मोजपट्टी हाती येते. वर्गातील किती मुलांच्या घराचा उंबरठा आपण ओलांडला आहे? वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या घरी त्या वेळी कोणते काम चालू असते, हे आपल्याला ठाऊक आहे का? पालकसभेची वेळ मजुरीवर जाणाऱ्या आईला सोयीची आहे का? सभेत पालक बोलतात, की केवळ ऐकून घरी जातात? आपण त्यांना फक्त तक्रार सांगायला बोलावतो, की मुलाची एखादी चांगली गोष्ट सांगायलाही त्यांच्या दारी जातो?

या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे एका वहीत लिहून काढली तरी पुढची वाट दिसू लागते. मग एकेक अडचण घ्यावी आणि तिच्यावर शाळेच्या बाजूने काय करता येईल ते पाहावे. वेळ बदलता येईल, जागा बदलता येईल, धाकट्या भावंडाला सोबत बसवता येईल. आजीला गोष्ट सांगायला आणि सुतारकाम करणाऱ्या वडिलांना आपले काम दाखवायला वर्गात बोलावता येईल. लिहिता-वाचता न येणाऱ्या पालकाकडेही मुलाला देण्यासारखे पुष्कळ असते, हे त्याला प्रथमच जाणवेल.

आणि पालक म्हणून आपल्यालाही एक काम आहे. रोज थोडा वेळ मुलाजवळ बसावे, उपदेश न करता त्याचे बोलणे पूर्ण ऐकावे. त्याला जमेल ते काम त्याच्या हाताने करू द्यावे. मुलाविषयी काही सांगायला शिक्षक घरी आले तर त्यांचे मनापासून स्वागत करावे. दुसऱ्याच्या दारात नम्र होऊन उभे राहणे आणि आपले दार दुसऱ्यासाठी उघडे ठेवणे, या दोन्ही गोष्टींत अहंकार थोडा बाजूला ठेवावा लागतो. ताराबाईंनी तो एका अंगणात झाडू हाती घेताना बाजूला ठेवला होता.