दुर्बिणीत डबल का दिसतं? उत्तर शोधणाऱ्या अर्न्स्ट अबे यांची गोष्ट

विवोच्या काही फोनवर कॅमेऱ्याशेजारी ‘झाइस’ हे नाव तुम्ही पाहिलं असेल. त्याआधी नोकियाच्या फोनवरही ते असायचं. कार्ल झाइस हे कंपनी सुरू करणाऱ्या कारागिराचं नाव. पण त्या नावाला जी किंमत आहे, तिच्यामागचं बरंचसं गणित दुसऱ्याच माणसाचं आहे. त्यांचं नाव अर्न्स्ट अबे. आज आपण जी दोन डोळ्यांची प्रिझमवाली दुर्बीण वापरतो, ती बाजारात आणण्यामागेही हेच. त्यांची गोष्ट समजली की घरातली दुर्बीण बिघडल्यावर नेमकं काय तपासायचं, तेही समजतं. म्हणून या लेखात दोन्ही एकत्र बघू.

गिरणी कामगाराचा मुलगा

अबे यांचा जन्म २३ जानेवारी १८४० चा, जर्मनीतल्या आयझेनाख गावचा. वडील सूतगिरणीत कामाला. दिवसाला १४ ते १६ तास उभ्यानं काम, आणि जेवायला वेगळी सुट्टी नाही. लहानगा अर्न्स्ट आणि त्याची बहीण आळीपाळीनं डबा घेऊन गिरणीत जायची. वडील मशीनला टेकून चार घास पटापट खायचे, रिकामं भांडं मुलाच्या हातात द्यायचे आणि परत कामाला लागायचे. अबे यांनी हे आयुष्यभर लक्षात ठेवलं. ते का महत्त्वाचं, ते शेवटी कळेल.

मुलगा हुशार होता. गिरणीच्या मालकांनी शिक्षणाला हातभार लावला. आधी येना आणि मग गटिंगन विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्र शिकून १८६१ मध्ये, म्हणजे वयाच्या २१ व्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १८६३ पासून ते येनाच्या विद्यापीठात शिकवू लागले.

अंदाजपंचे चालणारा कारखाना

येनामध्ये कार्ल झाइस यांनी १८४६ मध्ये वर्कशॉप सुरू केलं होतं. मायक्रोस्कोप चांगले बनायचे, पण बनवायची पद्धत अशी, की भिंगं घासायची, नळीत बसवायची, डोळा लावून बघायचं. चित्र नीट नाही आलं तर एक भिंग काढून दुसरं टाकायचं. परत बघायचं. जमेपर्यंत हेच चालू. त्या काळात सगळेच तसं करायचे. कोडिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: एरर का येतोय ते न समजता एकेक ओळ बदलून रन करत बसायचं.

यात अडचण अशी, की चांगला पीस बनला तरी तो का चांगला झाला हे कळत नाही, आणि तसाच दुसरा बनेल याची खात्रीही नसते. झाइस यांना हे खटकत होतं. १८६६ मध्ये त्यांनी २६ वर्षांच्या अबे यांना कामात सोबत घेतलं.

अबे यांनी आधी मोजमापाची साधनं बनवली. भिंगाची जाडी, त्याचा बाक, फोकल लेंग्थ, काच प्रकाश किती वळवते, हे सगळं जोडणीच्या आधीच मोजायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर युनिट टेस्टिंग. पूर्ण मायक्रोस्कोप तयार झाल्यावर चूक शोधण्यापेक्षा प्रत्येक भाग वेगळा तपासलेला असेल तर चूक कुठे आहे ते लगेच सापडतं. काचेचा वक्रीभवनांक मोजायला त्यांनी बनवलेलं रिफ्रॅक्टोमीटर आजही प्रयोगशाळांमध्ये त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. द्राक्षबागायतदार साखर मोजायला जे छोटं ब्रिक्स मीटर वापरतात, ते त्याच घराण्यातलं.

हिशेब बरोबर, चित्र मात्र खराब

आता खरी गडबड. अबे यांनी हिशेब करून नवी भिंगं डिझाइन केली. तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, की भिंगाच्या कडेनं येणारे किरण नीट एका बिंदूत जुळत नाहीत आणि चित्र धूसर करतात. म्हणून अबे यांनी भिंगाचं तोंड अरुंद ठेवलं. कडेचे किरण आतच येऊ दिले नाहीत. कागदावर हे डिझाइन जुन्यापेक्षा सरस होतं.

प्रत्यक्षात ते जुन्यापेक्षा वाईट निघालं. चित्र स्वच्छ दिसायचं, पण बारीक रेषाच गायब! अंदाजानं बनवलेल्या जुन्या मायक्रोस्कोपमध्ये त्याच रेषा दिसत होत्या. झाइस यांचा पैसा आणि अबे यांची काही वर्षं या कामात गेली होती. अशा वेळी दोन सोपे रस्ते होते. एक, गणित सोडून परत जुन्या पद्धतीवर जायचं. दोन, कारागिरांना दोष द्यायचा.

अबे यांनी तिसरा धरला. हिशेब बरोबर आहे, भिंग हिशेबाप्रमाणेच घासलंय, तरी निकाल चुकतोय, म्हणजे आपण ज्या समजुतीवर हिशेब केला तीच अपुरी असणार. त्यांनी बारीक रेषा आखलेल्या काचा घेऊन प्रयोग केले आणि कारण सापडलं. अगदी जवळजवळच्या रेषांमधून जाताना प्रकाश सरळ जात नाही, बाजूला फाकतो. रेषा जितक्या बारीक, तितका जास्त फाकतो. रेषांची माहिती त्या फाकलेल्या प्रकाशातच असते. भिंगाचं तोंड अरुंद असेल तर तो बाहेरच राहतो आणि त्याच्यासोबत रेषाही जातात.

१८७३ मध्ये त्यांनी हा सिद्धांत प्रसिद्ध केला. त्यातून एक मर्यादाही निघाली: मायक्रोस्कोप कितीही चांगला बनवा, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण अर्ध्याहून बारीक तपशील साध्या पद्धतीनं वेगळा दिसत नाही. हिरव्या प्रकाशासाठी हा आकडा २०० ते ३०० नॅनोमीटरच्या घरात येतो. येनामधल्या त्यांच्या स्मारकावर हेच सूत्र कोरलेलं आहे.

याचा फोनशी काय संबंध? २०० मेगापिक्सेलच्या सेन्सरमध्ये एक पिक्सेल ०.६ मायक्रॉनच्या आसपास असतो. पण एफ १.७ च्या लेन्समधून येणारा प्रकाशाचा सगळ्यात लहान ठिपकाच सुमारे २.३ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एका ठिपक्याखाली बरेच पिक्सेल येतात. मेगापिक्सेल दुप्पट केले तरी तपशील दुप्पट का होत नाही, त्याचं एक मोठं कारण हे.

काचच बरोबर नाही!

सिद्धांत समजल्यावर पुढची अडचण समोर आली. हवी तशी काच बाजारात मिळतच नव्हती. वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश काचेत कमीजास्त वळतो, म्हणून चित्राच्या कडेला रंगीत झालर दिसते. ती घालवायला वेगवेगळ्या गुणधर्मांच्या काचा लागतात. १८७९ मध्ये ओटो शॉट नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञानं स्वतः बनवलेल्या नव्या काचेबद्दल अबे यांना पत्र लिहिलं. अबे यांनी ती मोजून निकाल कळवला. पुढे शॉट येनालाच आले आणि १८८४ मध्ये त्यांची काचेची प्रयोगशाळा उभी राहिली. १८८६ मध्ये या काचेतून रंगीत झालर जवळपास नाहीशी करणारी मायक्रोस्कोपची भिंगं बाजारात आली.

याच्याही आधी, रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, तेव्हा त्यांच्या टेबलावर झाइसचा मायक्रोस्कोप आणि अबे यांनी बनवलेला कंडेन्सर होता.

दुर्बिणीत प्रिझम कशाला?

साध्या दोन भिंगांच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं आणि नळीही लांब होते. अबे यांनी नळीत दोन प्रिझम बसवायचं ठरवलं. प्रकाश त्यात चार वेळा परावर्तित होतो, चित्र सुलट होतं आणि रस्ता दुमडल्यामुळे नळी आखूड होते. अशी दुर्बीण त्यांनी १८७३ मध्येच व्हिएन्नाच्या प्रदर्शनात मांडली होती, पण प्रिझमसाठी चांगली काच नव्हती म्हणून विषय थांबला. शॉट यांची काच आल्यावर त्यांनी परत हात घातला.

१८९३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा कळलं, की ही प्रिझमची रचना इटलीच्या इग्नाझियो पोरो यांनी १८५४ मध्येच पेटंट केली होती. अबे यांना ते माहीत नव्हतं. म्हणून पेटंट मिळालं ते दुसऱ्या गोष्टीला: समोरची दोन भिंगं डोळ्यांपेक्षा जास्त अंतरावर ठेवायची, म्हणजे लांबच्या वस्तूंची खोली जास्त चांगली जाणवते. १८९४ मध्ये दुर्बीण विक्रीला आली. प्रिझमच्या जोडीला मात्र आजही पोरोंचंच नाव आहे. दोन भिंगांमधलं अंतर वाढवण्याचीच कल्पना पुढे नेऊन झाइसमधल्या कार्ल पुलफ्रिख यांनी अंतर मोजणारा रेंजफाइंडर तयार केला.

दुमडलेल्या रस्त्याची युक्ती आता तुमच्या खिशात आहे. पेरिस्कोप झूमवाल्या फोनमध्ये प्रिझमच प्रकाश वळवतं. आयफोन १५ प्रो मॅक्सच्या टेलिफोटोमध्ये तर प्रकाश काचेत चार वेळा परावर्तित होतो.

तुमची दुर्बीण बिघडली तर

अबे यांची पद्धत इथे जशीच्या तशी चालते: आधी बिघाड वेगळा काढा, मग हात लावा.

१. डबल दिसतंय, डोकं दुखतंय: एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या स्वच्छ दिसत असतील तर भिंगं ठीक आहेत, दोन नळ्यांची दिशा जुळत नाहीये. कारण बहुतेक वेळा पडल्यामुळे सरकलेलं प्रिझम. प्रिझम जेवढं बाजूला सरकतं त्याच्या दुप्पट चित्र सरकतं, म्हणून केसभर फरकही पुरतो. खात्री करायची तर लांबच्या इमारतीच्या गच्चीची आडवी कड बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून थोडी लांब न्या. दोन गोलांमधली कड एकाच उंचीवर नसेल तर निदान पक्कं. रबराखालचे छोटे स्क्रू अंदाजानं फिरवू नका. डोळे थोडा फरक सांभाळून घेतात, त्यामुळे जुळलं असं वाटतं आणि तासाभरात डोकं धरतं. हे काम जुळणी मोजायचं साधन असलेल्या दुरुस्तीवाल्याचं.

२. एकाच डोळ्याला धूसर: बऱ्याचदा हा बिघाडच नसतो. आधी डाव्या डोळ्यानं मधल्या चाकावर फोकस करा, मग फक्त उजव्या डोळ्यानं बघत उजव्या आयपीसची कडी फिरवा. ही कडी सहसा उजवीकडे असते. फरक पडला नाही तरच पुढे तपासा.

३. सगळंच मळकट, धुकट: दुर्बीण टेबलावर ठेवून समोरच्या भिंगातून टॉर्च मारा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हे फार होतं. बाहेरून पुसून ती जात नाही, आतून उघडूनच साफ करावी लागते, आणि उशीर केला तर काचेवरचा कोटिंगचा थर खराब होतो. दुर्बीण चामड्याच्या पाउचमध्ये बंद न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

४. बाहेरची धूळ: आधी फुंकणीनं उडवा, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. हा क्रम बदलला तर धुळीचे कण काचेवर ओरखडे काढतात. शर्टाच्या टोकानं तर कधीच नको.

आणि दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

डबा परत आठवतो

१८७६ मध्ये अबे कंपनीचे भागीदार झाले. १८८८ मध्ये कार्ल झाइस वारले. कंपनी आता श्रीमंत होती आणि अबेही. १८८९ मध्ये त्यांनी एक फाउंडेशन स्थापन केलं, त्याला झाइस यांचं नाव दिलं आणि पुढे कंपनीतला आपला हिस्सा त्यालाच देऊन टाकला. १८९६ च्या नियमावलीत कामगारांना पगारी सुट्टी, पेन्शन आणि नफ्यात वाटा लिहून दिला. वरच्या अधिकाऱ्याचा पगार कामगारांच्या सरासरी कमाईच्या दहापटीपेक्षा जास्त नको, हेही त्यात होतं.

१९०० मध्ये त्यांनी कामाचा दिवस ९ तासांवरून ८ वर आणला. तोही भावनेच्या भरात नाही. वर्षभर प्रयोग केला, प्रत्येकाचं काम मोजलं. उत्पादन घटलं नाही, उलट थोडं वाढलं. गिरणीत मशीनला टेकून जेवणाऱ्या माणसाच्या मुलानं हा आकडा मोजून दाखवला होता.

तब्येत ढासळल्यामुळे १९०३ मध्ये त्यांनी काम सोडलं आणि १४ जानेवारी १९०५ रोजी, ६५ वर्षं पूर्ण व्हायला नऊ दिवस असताना, येनामध्येच त्यांचं निधन झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीसोबत कंपनीचेही दोन तुकडे झाले, नंतर ते परत जोडले गेले. झाइस आणि शॉट या दोन्ही कंपन्यांची मालकी आजही त्याच फाउंडेशनकडे आहे.