विहिरीचे गणित : डॉ. अँडरसन मॅकेंड्रिक

क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांना १८९७ साली पुण्यात प्लेगने आपल्यातून नेले, हे सर्वश्रुत आहे. पुढे मुंबईत याच रोगाने जे बळी घेतले, त्यांच्या नोंदींवर रोगगणिताचे एक पायाभूत सूत्र पारखले गेले, हे मात्र आमच्या पांढरकवड्यात क्वचितच सांगितले जाते.

ते सूत्र मांडणाऱ्या दोघांपैकी अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक यांचा जन्म १८७६ साली एडिनबर्गला झाला. ग्लासगोत वैद्यक शिकून ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले. डासांमुळे हिवताप पसरतो हे सिद्ध करणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी त्यांना गणिताकडे वळवले. कसौलीच्या पाश्चर संस्थेचे संचालकपद भूषवून, प्रकृती खालावल्याने ते १९२० मध्ये मायदेशी परतले.

१९२६ च्या त्यांच्या निबंधात हिंदुस्थानातील एका खेड्यातील कॉलऱ्याची नोंद आहे. घरे २२३. पैकी १६८ घरांत एकही रुग्ण नाही. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. रुग्ण असलेल्या घरांचा हा क्रम पाहता, धोका असूनही बचावलेली घरे सुमारे ३७ च असायला हवीत, असे गणित सांगत होते. मग उरलेल्यांचे काय? दूषित विहिरीचे पाणी सुमारे ९३ घरेच पीत असावीत, बाकीची दुसरीकडून भरत असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कोणते घर कोणत्या विहिरीवर जाई आणि ते कशावरून ठरे, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगायला नको. आकड्यांना जात दिसत नाही. पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

त्याच १९२७ साली मॅकेंड्रिक यांनी, प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेल्या विल्यम कर्मॅक यांच्यासह, ते सूत्र प्रसिद्ध केले. समाजाचे तीन कप्पे : लागण होऊ शकणारे, आजारी, आणि बरे झालेले वा मृत. एका कप्प्यातून दुसऱ्यात लोक किती वेगाने जातात, ते थेट मोजता येत नाही. म्हणून सूत्रातील स्थिरांक असे निवडायचे की त्याची रेषा प्रत्यक्ष मृत्यूंच्या शक्य तितकी जवळून जावी. मुंबईतील डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील आठवडावार मृत्यूंशी ती रेषा चांगलीच जुळली. तरी आमच्या मते येथे सावध राहावे : प्लेग उंदरांवरील पिसवांतून येतो, त्यामुळे केवळ माणसांचे कप्पे पुरे पडत नाहीत. ही उणीव खुद्द लेखकांनाही ठाऊक होती.

१९४३ मध्ये मॅकेंड्रिक निवर्तले. कोविडच्या काळात साथीचे जे आलेख आपण रोज पाहत होतो, त्यांतील कित्येकांच्या मुळाशी हेच तीन कप्पे होते.