नियमांची खुर्ची आणि दादासाहेब

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला भरलेले काँग्रेसचे अधिवेशन खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन म्हणून खानदेशाच्या स्मरणात आहे. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि पेच अवघड होता. १९३५ च्या कायद्याला विरोध असताना त्याच कायद्याने निर्माण केलेल्या कायदेमंडळात बसायचे का? निवडणूक लढवावी, मंत्रिपदांचा निर्णय मागाहून घ्यावा, असे ठरले. त्या निवडणुकीनंतर १९३७ मध्ये गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर मुंबई विधानसभेचे सभापती झाले. जो कायदा मोडीत काढण्यासाठी पक्ष सभागृहात शिरला, तेथील नियम राखण्याचे काम पक्षाच्याच माणसाकडे आले.

मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात झाला. वकिली व सार्वजनिक कार्य अहमदाबादेत बहरले. तेथील नगरपालिकेचे ते अध्यक्ष होते, सत्याग्रहात त्यांनी वर्षानुवर्षे तुरुंगवासही सोसला. १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळाच्या अध्यक्षपदी ते सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध अवघ्या तीन मतांनी निवडून आले, तर १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे सभापती झाले.

नियमपुस्तिका कितीही जाड असली तरी प्रत्येक प्रसंग तिच्यात सापडत नाही. पत्त्यांच्या डावातही तंटा मिटविणाऱ्याला हा अनुभव येतो. येथे तर डाव देशाच्या कारभाराचा होता. परकीय राजवटीत सरकारला कोंडीत पकडण्यासाठी तहकुबी सूचना हे हुकमी हत्यार होते. सरकार सभागृहाला जबाबदार झाल्यावर ते अपवादानेच उपसावे, असे मावळंकरांचे मत बनले आणि अशा सूचना ते फारशा स्वीकारत नसत. सरकारच्या बाजूने झुकलेला निर्णय म्हणून विरोधकांना तो खुपला, यात नवल नाही. मात्र याच सभापतींनी वटहुकूम काढण्याच्या सवयीबद्दल नेहरूंना पत्रे लिहून नापसंती कळविली होती, हेही विसरता येत नाही.

ब्रिटिश प्रथेप्रमाणे पक्षाशी नाते पूर्ण तोडणे त्यांनी मान्य केले नाही. पक्षीय वादांत पडायचे नाही, एवढे बंधन त्यांनी पाळले. ही भूमिका प्रामाणिक असली तरी संशयाला वाव ठेवणारी होती. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला. स्वतंत्र भारतातील हा असा पहिलाच प्रसंग. त्या चर्चेच्या वेळी मावळंकर खुर्चीवर नव्हते. उपसभापती अनंतशयनम अय्यंगार यांनी कामकाज चालविले. नेहरूंनी सभापतींची पाठराखण केली आणि ठराव फेटाळला गेला. ज्याच्या निःपक्षपातीपणावरच वाद, त्याचा निवाडा बहुमताने व्हावा, हा पेच मात्र राहिलाच.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी, पदावर असतानाच, अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. एखाद्या गटाला सभागृहात पक्ष म्हणून मान्यता हवी असेल, तर किमान एक दशांश सदस्य हवेत, हा त्यांचा दंडक मागे उरला. पहिल्या लोकसभेत विरोधकांतील सर्वांत मोठ्या कम्युनिस्ट पक्षाचेही सदस्य विसाच्या आत होते. त्यामुळे अधिकृत विरोधी पक्षनेता नव्हताच. २०१४ मध्ये ५४३ पैकी ४४ जागा मिळविलेल्या काँग्रेसने या पदावर दावा केला, तेव्हा मावळंकरांच्याच पक्षाला हा दंडक आडवा आला. तो दावा नाकारणाऱ्या सभापती होत्या सुमित्रा महाजन, चिपळूणच्या माहेरवाशीण.